जुना स्टॉपर परत आलाय. खेळवायचा की बसवायचा?

काळीमाती (इंदूर)

मंडळी, सल्ला हवाय. क्लबात विचारून उपयोग नाही, कारण क्लबातच जुंपली आहे.

इंदूरच्या लोकल लीगमध्ये आमची एक साधीसुधी टीम आहे. नाव सांगत नाही, अर्धी कमिटी इथं गुपचूप वाचत असते. आमचा एक स्टॉपर होता, म्हणजे गोलीपुढचा मधला बचावपटू, त्याला आपण दादा म्हणू. २००७ साली नोकरीपायी शहर सोडलं, आधी बडोदा, मग पुणे. आता आईच्या आजारपणामुळे बदली मागून घेतली आणि परत आलाय. वय ४३. गुडघे शाबूत आहेत असं तो म्हणतो. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर हजर असतो. परवा कमिटीसमोर सरळ म्हणाला, यंदा लीगच्या यादीत माझं नाव घाला.

गोम अशी की त्या जागेवर सध्या १९ वर्षांचा पोरगा खेळतोय. डोकं अजून कच्चं, पण पळतो असा की विचारू नका. कमिटीतले निम्मे लोक दादाबरोबर खेळलेले, त्यांच्यापुरतं अजून २००५ सालच चालू आहे. उरलेल्यांना दादा म्हणजे क्लबातल्या फोटोतला मागच्या रांगेतला माणूस.

प्रॅक्टिस मॅचमधली गंमत सांगतो. गोलकिक होती. आमच्या गोलीनं बॉल डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी एरियाच्या, आतच हळूच त्या पोराकडे सरकवला. दादा हात वर करून ओरडला, "अरे परत घ्या, डीबाहेर गेलाच नाही!" सगळे थांबून त्याच्याकडे बघायला लागले, पोरगासुद्धा. तेवढ्यात समोरच्या फॉरवर्डनं त्याच्या पायातून बॉल काढला आणि आत टाकला. वर दादाला म्हणतो, "सॉरी काका." दादाला गोलपेक्षा ते काका जास्त लागलं.

पण त्याच मॅचमध्ये पोरगा पुढे वाहवत गेला की दादा न धावता मोकळ्या जागेत आधीच जाऊन उभा असायचा. हे दिसलं सगळ्यांना, बोललं कोणी नाही.

बाहेरच्या देशांत मोठे खेळाडू वर्षानुवर्षांनी जुन्या लीगमध्ये परततात. त्यांचं काय होतं? आणि त्यातलं आमच्यासारख्यांच्या कामाचं काय?

सराफा_रात्री_बारा (इंदूर)

भिया, यात विचारायचं काय? खेळवा!

अर्जेंटिनाचा दी मारिया बघ. तुझ्या दादासारखाच २००७ ला रोझारियो सेंट्राल सोडून बेनफिकाला गेला. मग रेआल माद्रिद, मँचेस्टर युनायटेड, पॅरिस, युव्हेंटस, परत बेनफिका. मध्ये वर्ल्ड कपही जिंकून झाला. २०२५ मध्ये, ३७ व्या वर्षी, परत रोझारियोत. आणि ऑगस्टमध्ये गावातल्याच न्यूवेल्सविरुद्धच्या मॅचला फ्री किकवर मॅचमधला एकुलता एक गोल त्याचा. खरं तर २०२४ मध्येच परतायचं म्हणत होता, पण घरच्यांना धमक्या आल्या म्हणून थांबला. दादाच्या आड तर फक्त तुमची कमिटी आहे.

कडू_कारलं (पुणे)

दी मारिया ३७ व्या वर्षापर्यंत युरोपात पगार घेऊन खेळतच होता. तुमचे दादा इतकी वर्षं ऑफिसात बसून होते. दोन्हीला 'पुनरागमन' म्हणायचं म्हणजे कमालच झाली.

शिवाय अशा धाग्यांवर फक्त गोड गोष्टी येतात. सर्जिओ रामोस २००५ ला सेव्हिया सोडून माद्रिदला गेला, २०२३ ला परतला, एक सीझन खेळला आणि गेला. मार्सेलो २०२३ ला फ्लुमिनेन्सेत परतला, त्याच वर्षी माराकानावर बोका ज्युनियर्सला २-१ हरवून कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला क्लबांचा सगळ्यात मोठा कप, जिंकला, सगळं झकास. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सब म्हणून मैदानात उतरणार तेवढ्यात साइडलाइनवरच कोचशी वाजलं. कोचनं त्याला परत बेंचवर पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी क्लबनं करार संपवला. कप जिंकलेल्या माणसाची ही गत. तुमच्या दादांना ७० व्या मिनिटाला उतरायला सांगून बघा, मग कळेल.

हलगी (कोल्हापूर)

आमच्याकडं प्रश्नच वेगळा असतोय भावा. पेठेतला खेळाडू पुण्या-मुंबईकडं कंपनीच्या टीममधनं खेळून धा वर्षांनी आला तरी पेठ एकच विचारती, नोंदणी कुठल्या तालमीकडं? (आमच्याकडं तालीम म्हणजेच फुटबॉलचा क्लब.) घरच्या तालमीकडं केली तर वय कोण विचारत नाही. दुसरीकडं केली तर शाहू स्टेडियमच्या गॅलरीतनं जे ऐकावं लागंल ते इथं लिवता येत नाही.

पण लाडाची पण मुदत असती. पहिल्या मॅचला हलगी वाजती, दुसऱ्या मॅचला टाळ्या. तिसऱ्या मॅचला समोरचा विंगर त्याला दोनदा सोडून गेला की तीच गॅलरी म्हणती, बसवा आता. पोरगं कोण आहे बेंचवर?

स्टॉपर आहे म्हणून चालून जाईल एवढं मात्र खरं. विंगवरचा असता तर मीच म्हटलो असतो, घरी बसवा.

शिट्टी_आणि_पत्ते (पुणे)

रेफ्री या नात्यानं दोन शब्द. गोलकिकवरून दादांना हसू नका. २०१९ पर्यंत त्यांचंच बरोबर होतं, बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर गेल्याशिवाय खेळात येतच नव्हता.

२००७ ला खेळ सोडलेल्या माणसाला बरंच सांगावं लागेल. किकऑफ २०१६ पासून मागेही मारता येतो. बदलीवर जाणाऱ्यानं २०१९ पासून जवळच्या रेषेवरूनच बाहेर पडायचं, टाळ्या घेत मधल्या रेषेपर्यंत चालत यायचं नाही. पाच बदल कोविडच्या वर्षी तात्पुरते आले आणि २०२२ मध्ये नियमावलीत कायमचे बसले. २०२५-२६ पासून गोलीनं आठ सेकंदांहून जास्त बॉल हातात धरला की समोरच्यांना कॉर्नर, आणि शेवटची पाच सेकंदं रेफ्री बोटांनी मोजून दाखवतो. पूर्वी सहा सेकंदांची मर्यादा होती, पण ती पाळायला लावणारा रेफ्री विरळा. मी स्वतः ती क्वचितच लावली.

तुमच्या कामाची एक गोष्ट: तळागाळातल्या आणि व्हेटरन्स स्पर्धांत बाहेर काढलेला खेळाडू परत आत घ्यायची मुभा नियमात आहे, संघटनेनं मान्य केली तर. स्पर्धेच्या पत्रकात ती आहे का बघा. असली तर तुमचं निम्मं भांडण मिटलं. दादा २० मिनिटं, पोरगा ४०, परत दादा.

सराफा_रात्री_बारा (इंदूर)

@शिट्टी_आणि_पत्ते, एक शंका. दादाचं नाव अजून जुन्या नोंदणीत कुठं अडकलं असेल तर? मध्ये बडोद्यात एखाददुसरा सीझन खेळला होता म्हणतात.

शिट्टी_आणि_पत्ते (पुणे)

फिफाच्या बदली नियमावलीत, कलम ४ मध्ये, याचं उत्तर आहे. हौशी खेळाडूनं खेळ थांबवला तरी शेवटच्या क्लबच्या संघटनेकडे त्याची नोंद ३० महिने राहते. मोजणी शेवटच्या अधिकृत मॅचपासून. दादांचे ३० महिने केव्हाच होऊन गेले. तरी राज्य बदललंय, तेव्हा जिल्हा संघटनेला आधीच विचारून ठेवा. आता नोंदणी ऑनलाइन असते. दादांच्या काळात कार्बन पेपर लावून फॉर्म भरायचे.

डच_गराडू (आइंडहोव्हन, मूळचा रामबागेतला)

इथली दोन उदाहरणं देतो, दोन्ही बाजूंची.

आर्येन रॉबेन. २००२ ला ख्रोनिंगेन सोडलं, चेल्सी-माद्रिद-बायर्न करून २०१९ ला निवृत्त झाला, आणि २०२० मध्ये, कोविडनं क्लबची गल्लापेटी रिकामी असताना, परत ख्रोनिंगेनकडून खेळायला आला. पहिल्याच लीग मॅचमध्ये अर्ध्या तासात दुखापत. सगळा सीझन त्यातच गेला. मे २०२१ मध्ये एमेनविरुद्ध उतरला, दोन गोल करून दिले, मैदानाबाहेर येताना रडला, जुलैत बूट काढून ठेवले. हिशोब मांडला तर तोट्याचा व्यवहार. पण इथं कोणाला विचारा, हिशोब कोणी मांडत नाही.

दुसरा डर्क काउट. २०१५ ला फेयेनूर्डला परतला. २०१७ च्या शेवटच्या दिवशी हेराक्लेसविरुद्ध तिन्ही गोल त्याचे, १८ वर्षांनी लीग जिंकली, आणि तीन दिवसांत निवृत्ती. मला आवडतो तो त्याच्या पुढचा भाग. २०१८ मध्ये क्विक बॉइज या काटवाइकच्या हौशी क्लबात, जिथं तो लहानपणी खेळला, तिथले फॉरवर्ड जखमी झाले म्हणून गडी पुन्हा बूट घालून उतरला. लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीगची फायनल खेळलेला माणूस!

पण काळीमाती, खरा फरक वेगळाच आहे. इथल्या साध्या गावातल्या क्लबाची पहिली टीम असते, दुसरी, तिसरी, कुठं कुठं आठवी-नववीसुद्धा. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी ३५ च्या वरच्यांची सात-सात जणांची लीग, ४५ च्या वरच्यांची वेगळी, आणि साठीच्या पुढच्यांसाठी चालत खेळायचा फुटबॉल. मी स्वतः शुक्रवारवाल्यांत आहे. परत आलेला माणूस आपल्या वयाच्या जागी जाऊन बसतो, कोणाचा घास काढत नाही. आपल्याकडे क्लबाची टीम एकच. त्यामुळे दादा आत आला की पोरगा बाहेर. भांडण दादाच्या वयाचं नाहीच, एका टीमच्या क्लबाचं आहे.

कडू_कारलं (पुणे)

पहिल्यांदा कोणीतरी मुद्द्याचं बोललं. पण इंदूरला आठ टीम काढायला ग्राउंड कुठं आहेत? असलेल्या ग्राउंडवर सकाळी क्रिकेटवाले, संध्याकाळी लग्नाचे मांडव.

लेफ्टबॅक_बडोदा (वडोदरा)

काळीमाती, तुमच्या दादांचा हेवा वाटला. परतायला त्यांची लीग अजून जागेवर आहे.

मी सयाजीराव विद्यापीठाच्या टीममध्ये लेफ्टबॅक होते. लग्न, दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण, यात बारा वर्षं गेली. मुलं शाळेत रुळली तेव्हा बूट काढले तर तळवे उकलून आलेले. नवीन घेतले आणि चौकशीला निघाले. आम्ही ज्या स्पर्धा खेळायचो त्यातलं काहीच उरलं नव्हतं. देशात महिलांची लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली, चांगलं झालं, पण ती वरच्या पायरीवरची. माझ्यासारखीला कुठली पायरी?

शेवटी टर्फवर सुरुवात केली. रात्री दहानंतर स्लॉट स्वस्त मिळतो. कॉलेजच्या मुली आणि मी. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला गोलमध्ये उभं केलं, आदरानं. "मावशी, तिथं पळावं लागत नाही." दुसऱ्या आठवड्यात मी गोल सोडून डावीकडे जाऊन उभी राहिले आणि कोणाला विचारलं नाही. आता मावशी म्हणतात पण पास देतात. नंतर सेव उसळ खायला मीच नेते, तेही कारण असेल.

फिफानं जानेवारी २०२१ पासून व्यावसायिक बायकांसाठी नियम केला: किमान १४ आठवडे बाळंतपणाची रजा, पगाराचा दोन तृतीयांश हिस्सा, आणि परत आल्यावर क्लबनं तिला सामावून घ्यायचं. कागदावर उत्तम. माझा क्लब म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, तिथं कोण कोणाला सामावून घेणार?

दादांना माझं सांगणं एवढंच, कमिटीला विचारत बसू नका. प्रॅक्टिसला रोज या आणि आपल्या जागी उभे राहा.

हलगी (कोल्हापूर)

ताई, एक नंबर!

महूवाला (महू)

महूत हा वाद कधी फारसा रंगत नाही, कारण छावणी आहे. खेळाडू पोस्टिंगवर येतो, बदलीवर जातो. तीन वर्षांनी परत दिसला तर लोक विचारतात, "किती दिवस आहेस?" त्यावर टीम ठरते.

आमच्याकडचे शंकर लक्ष्मण सगळ्यांना हॉकीचे गोलकीपर म्हणून माहीत. १९५६ आणि १९६४ चं ऑलिंपिक सुवर्ण, मधलं १९६० चं रौप्य. सुरुवात मात्र फुटबॉलची, हे थोड्यांना ठाऊक. पुढे फौजेत मराठा लाइट इन्फंट्रीत गेले, हॉकी तिथली. निवृत्तीनंतर महूलाच परतले आणि २००६ मध्ये इथंच वारले. परत आलेल्या प्रत्येकानं यादीत नाव घालायलाच हवं असं नाही, एवढ्यासाठी सांगितलं. दादाला कोचिंगला लावा. तुमच्या पोराचं डोकं कच्चं आहे म्हणता ना?

सराफा_रात्री_बारा (इंदूर)

काका, ४३ व्या वर्षी कोचिंगला लावणं म्हणजे गोड बोलून बाहेर काढणंच झालं. व्हेरॉन बघा. २००६ ला एस्तुदियान्तेसला परतला, त्याच वर्षी २३ वर्षांनी क्लबनं लीग जिंकली, २००९ ला लिबेर्तादोरेस. २०१७ मध्ये तर क्लबचा अध्यक्ष असताना लिबेर्तादोरेसमध्ये उतरला. नव्या स्टेडियममधले ६५ टक्के बॉक्स विकले गेले तर खेळेन अशी पैजच लावली होती त्यानं. तेव्हा वय ४२!

कडू_कारलं (पुणे)

अध्यक्ष स्वतःच असला की यादीत नाव कोण अडवणार? दादांना अध्यक्ष करा, प्रश्न मिटला.

फिजिओ_लष्कर (ग्वाल्हेर)

गंमत पुरे, आता पायांचं बघू या.

इतक्या वर्षांनी परतणाऱ्याचा दम काही आठवड्यांत सुधारतो, मांड्याही भरतात. टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, मात्र सगळ्यांत सावकाश तयार होतं. म्हणून माणसाला दुसऱ्या महिन्यात वाटायला लागतं की आता आपण पूर्वीसारखे झालो, आणि नेमकं तेव्हाच टाचेमागे खटकन वाजतं. माझ्याकडे येणारे चाळिशीतले लोक बहुतेक असेच: आठवडाभर खुर्ची आणि रविवारी एकदम स्प्रिंट. दादांना सरळ धावणं आधी, वळणं आणि थांबणं नंतर, आणि पूर्ण वेगाचा स्प्रिंट सगळ्यांत शेवटी. टाचा उचलून सावकाश खाली सोडायचा व्यायाम रोज, पायरीच्या कडेवर उभं राहून. फिफाचा '११+' वॉर्मअप वीसेक मिनिटांचा आहे, फुकट आहे, सगळ्या टीमनंच करावा.

तुमची माळव्यातली काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. कडक झाली की लांब स्टडचे बूट बंद. आखूड रबरी स्टड घ्या.

आणि टाचेवरूनच एक माणूस आठवला, सान्ती काझोर्ला. आर्सेनलमध्ये असताना घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला, अकिलीस टेंडनचे आठ सेंटिमीटर खाऊन टाकले. डॉक्टर म्हणाले, मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी पुष्कळ. घोट्यावर लावायला हाताची कातडी काढली, तिच्यावर मुलीच्या नावाचा टॅटू होता. मुलीचं नाव इंडिया. त्या नावाचा अर्धा तुकडा आता त्याच्या घोट्यावर आहे! तर हा माणूस २०२३ मध्ये, ३८ व्या वर्षी, ओव्हिएदोला परतला, जिथल्या पोरांच्या टीममधून २००३ ला बाहेर पडला होता. पगार नियमाप्रमाणे किमान जेवढा द्यावाच लागतो तेवढाच घेतला. जून २०२५ मध्ये मिरांदेसविरुद्धच्या निर्णायक मॅचमध्ये पेनल्टीवर गोल केला आणि ओव्हिएदो २४ वर्षांनी वरच्या लीगमध्ये गेलं. वय ४०.

तो रोज ९० मिनिटं खेळत नव्हता, हेही लिहून ठेवते. बऱ्याचदा बेंचवरून यायचा.

काळीमाती (इंदूर)

सगळ्यांचे आभार. ताजी खबर देतो.

रविवारी महूच्या एका टीमशी फ्रेंडली होती. दादाला उत्तरार्धात उतरवलं. पोराच्या जागी नाही, पोराच्या शेजारी. सुरुवातीलाच त्यांच्या राइट विंगनं दादाला बाहेरून टाकलं आणि क्रॉसवर गोल झाला. दादा गुडघ्यांवर हात ठेवून उभा. आमचे कमिटीवाले एकमेकांकडे बघायला लागले. त्यानंतर मात्र तो चार पावलं मागे सरकला आणि बोलायला लागला. सबंध वेळ बोलत होता. "डावीकडे." "सोड त्याला, मी आहे." "आता जा." पोरगा कोणाचं ऐकत नाही, त्याचं ऐकत होता. पुढे गोल झाला नाही. पण महूवाले तोवर थकले होते हेही खरंच.

मॅचनंतर दादा स्वतःच म्हणाला, पोरगा धडधाकट असेपर्यंत पहिल्या अकरात मला घेऊ नका. कमिटीनं नाव यादीत घालायचं ठरवलं. डच_गराडूची ३५ च्या वरच्यांची कल्पनाही मांडली. सगळ्यांना पसंत पडली, जबाबदारी घ्यायला कोणीच तयार नाही.

आता नवीन भांडण. दादाला ५ नंबर हवाय. ५ पोराकडे आहे. दादा म्हणतो, बसवा मला, पण ५ घालून बसवा. पोराच्या वडलांचा मला रात्री साडेदहाला फोन.

कडू_कारलं (पुणे)

मी सांगितलं होतं. मोठेपणा गुडघ्यात नसतो, जर्सीत असतो.

सराफा_रात्री_बारा (इंदूर)

नेमार २०२५ मध्ये सांतोसला परतला तेव्हा त्याला १० दिलाच की. आणि तो तर पेलेचा नंबर. ५ देऊन टाका भिया.

हलगी (कोल्हापूर)

नाय नाय. पोराच्या अंगावरची जर्सी काढायची नसती. टोरेसचं बघा. २००७ ला अ‍ॅटलेटिको सोडलं, जानेवारी २०१५ ला परत आला तर कॅल्डेरॉनवर नुसतं बघायला ४५,००० माणूस. पण ९ नंबर मांजुकिचकडं होता. टोरेसनं गप १९ घेतला. मांजुकिच गेला, मग पुढच्या सीझनला ९ मिळाला. दादास्नी १५ द्या.

काळीमाती (इंदूर)

हे पटण्यासारखं आहे. पण १५ दुसऱ्या गोलीकडे आहे. १४ आणि २५ शिल्लक दिसतायत. २५ सांगून बघतो. यादी सोमवारी द्यायची आहे आणि दादाचा जन्मदाखला अजून पुण्याच्या सामानात आहे, तेव्हा या शनिवारी तरी पोरगाच.